डाव्या बाजूची चाकं

९ जानेवारी

दादा,

लिहायचं टाळत होतो हे आधीच कबूल करतो, म्हणजे ते वाक्य तुला माझ्या तोंडावर मारायला मिळणार नाही. एक कागद काढला होता, त्याची घडी होऊन तो खाटेच्या डुगडुगत्या पायाखाली गेला. दुसऱ्यावर माझ्या खोलीतल्या इलेक्ट्रिशियनने कुठल्याशा पंपाचं वायरिंग काढलं आणि मला ते समजावत बसला. मला ओ की ठो कळलं नाही. पण माणूस चांगला आहे, घोरत नाही आणि माझा साबण वापरत नाही. फोन का नाही केलास म्हणशील. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकतो, ते आयुष्यभर झालं. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

आपल्या वर्कशॉपमधून निघालो तेव्हापासून बराच हिंडलो. बोटीवर खोकी चढवली. मग एका बर्फाच्या कारखान्यात होतो, तिथे बोटांची सालं निघाली. मग एका म्हाताऱ्याच्या ट्रकवर क्लीनर. तो म्हातारा गाडी चालवताना स्वतःशीच भांडायचा आणि दर वेळी हरायचा. असो, तो विषय नाही. सध्या वाळूत आहे. इथे एक कंपनी आहे, ती लोकांना गाडीतून वाळूच्या टेकड्यांवर चढवते आणि उतरवते. तेवढ्यासाठी लोक लांबून येतात, किंचाळतात, फोटो काढतात आणि परत जाऊन सांगतात की आम्ही अजिबात घाबरलो नाही. मी गाड्या चालवतो आणि चाकांचं बघतो. चाकांपासून पळून चाकांपाशीच आलो, हस पाहिजे तर.

कंपनीच्या मालकिणीला सगळे बाईच म्हणतात. परवा त्यांनी माझ्यासमोर एक चकचकीत माहितीपत्रक टाकलं आणि म्हणाल्या, तुला चाकांतलं कळतं म्हणे, तर यातली कोणती घेऊ ते सांग. वरचा फोटो बघितला.

आपली गाडी. रेसच्या सकाळची, डाव्या बाजूने काढलेली. लाल रंगवलेल्या रिंगा, खिडकीत वर्कशॉपमधले आपले वेल्डर ठिणगीकाका, त्यांचा डावा हात दारावर थापटताना, पलीकडे माझं अर्धं डोकं. काका हसताहेत. आणि खाली छापलंय, 'वाळूत तावून सुलाखून निघालेली चाकं'. हे वाक्य तुझंच. वहिनी असलं लिहिणार नाही, तिला लाज आहे.

बाईंना दोन प्रकारांतला फरक हवा होता, खरी बीडलॉक चाकं आणि शोभेची. मी सांगितला. वाळूत टायरची हवा काढावी लागते, म्हणजे टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. पण हवा फार काढली की टायरची कड रिमवरून सुटते. खऱ्या बीडलॉकला बाहेरून एक रिंग असते. ती बोल्टांनी आवळली की टायरची कड रिंग आणि रिमच्या चिमटीत सापडते, मग हवा नावापुरती ठेवली तरी टायर हलत नाही. मात्र ते बोल्ट सारखे तपासावे लागतात, आवळावे लागतात. शोभेच्या चाकालाही रिंग असते, बोल्टही असतात, पण ते कशालाच धरत नाहीत. टायर बिचारा साध्या रिमवर, हवेच्या भरवशावर. बाईंनी विचारलं, दिसायला सारखीच का? मी म्हटलं, दोन हातांवरून तुमच्या आईलाही कळणार नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या आईला दोन हातांवरून मीच कळत नाही." बाई हसल्या, मीही हसलो. हसता हसता तो फोटो उपडा ठेवला.

आता ज्यासाठी कागद काढला ते. दवाखान्याच्या जिन्यात तू मला काय म्हणालास ते आठवतंय ना? वर्कशॉपच्या मागच्या आवारात ताडपत्रीखाली आपली उलटलेली गाडी ठेवली होती, तिची चाकं बघून मी थेट तिथे आलो होतो. उजवीकडची दोन काकांनी स्वतः कापून वेल्डिंग केलेली, खरी. डावीकडच्या पुढच्या चाकाचा बोल्ट माझ्या नुसत्या बोटांनी निघून आला. बोटाच्या पेराएवढा आटा, मागे काहीच नाही. मागचंही तसंच. ती दोन तू बसवली होतीस, तुझ्या नव्या मालातली, आणि चारही चाकं एकाच लाल रंगाने रंगवून टाकली होतीस, म्हणून ना मला कळलं, ना काकांना. तू रडवेला झाला होतास. म्हणालास, "बारक्या, आत्ता गप्प बस. काकांना जरा सावरू दे. मी केलंय, मीच सांगणार."

मी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी घर सोडलं. तुझ्या समोर बसून जेवणं मला जमलं नसतं.

तर एवढंच विचारायचंय. सांगितलंस का? मी निघालो तेव्हा काका म्हणत होते की त्यांचीच रिंग सुटली. अजूनही तसंच समजतात का?

पत्ता पाकिटाच्या मागे आहे. उत्तर द्यायचं असेल तरच पाकीट उलटं कर.

बारक्या

२ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. म्हणजे वहिनीच्या अक्षरातलं. तू सांगितलंस आणि तिने लिहिलं. शेवटी तिने स्वतःचं एक वाक्य घातलंय, ते तू बहुतेक पाहिलं नसशील. 'भावोजी, तुमचं पत्र हे मला वाचून दाखवत होते, मधलं एक पान बाजूला ठेवलं.' वहिनीला माझा नमस्कार. हे पत्र तिच्याच नावाने टाकतोय, सगळी पानं मोजून घे म्हणावं.

तू लिहितोस, वर्कशॉप वाढवलं, पुढे काचेचं दालन केलं. छान. लिहितोस, झालं गेलं विसरून जा आणि परत ये, गाडी चालवायला आपला माणूस हवा. आणि सगळ्यात शेवटी, जसं काही माळ्यावरच्या जुन्या पंख्याबद्दल लिहावं तसं, की काकांना गेटवर बसवलंय, हाताने काही होत नाही पण मान आहे, सगळे त्यांना सलाम करतात. त्यांनी रिंगा कापायचा त्यांचा साचा स्वतः भंगारात टाकला. नव्या वेल्डरला शिकवा म्हटलं तर म्हणाले, माझं काम कुणी शिकू नये. 'ते अजून म्हणतात की मी मोठ्याच्या शब्दावर बोल्ट तपासले नाहीत, माझंच चुकलं. मी त्यांना समजावतो, होतं असं कधीकधी.'

हे वाक्य मी इलेक्ट्रिशियनला वाचून दाखवलं. त्याला आपल्या घरचं काही माहीत नाही, तरी तो म्हणाला, तुझा भाऊ गोड बोलतो.

तू समजावतोस. काय समजावतोस, दादा? ज्या चाकात त्यांचा एक बोल्टही नव्हता त्या चाकाची माफी तू त्यांना देतोस?

तुला सोयीने विसरायची सवय आहे, म्हणून मी लिहून ठेवतो. रेसच्या आदल्या दिवशी तू काकांकडून चाकं घेतलीस, रंग द्यायला. काका कुरकुरले. बोल्टाच्या डोक्याखाली रंग राहिला की आवळलेला बोल्टही मागाहून सैल पडतो, रंग दिलात तर मी पुन्हा आवळणार. एक बोल्ट, मग त्याच्या समोरचा, मग चांदणीसारखं फिरत फिरत, हे त्यांचं नेहमीचं. दुसऱ्याने आवळलेला बोल्ट ते कधी तसाच सोडायचे नाहीत. माझे तर नाहीच नाही. तू म्हणालास, "काका, मी स्वतः आवळलेत. माझ्यावर भरवसा नाही का?" तू मोठा. तुला त्यांनी खांद्यावर बसवून वर्कशॉप दाखवलेलं. आयुष्यात एकदा त्यांनी पाना खाली ठेवला, तो तुझ्या शब्दाखातर.

आता सकाळचं. तू हिशेबी माणूस, शोभेची चाकं तू उगाच डावीकडे लावली नव्हतीस. फोटोवाले डावीकडे उभे राहणार होते हे एक. दुसरं, रेसच्या वाटेवरचा तो मोठा उतार उजवीकडे कललेला होता, सगळा भार उजव्या चाकांवर येणार होता, डावीकडची नुसती सोबतीला. इथपर्यंत मी तुला समजू शकतो. चोरी आहे, पण डोकं लावून केलेली आहे.

मग झेंडे लावणारा माणूस चहाच्या टेबलापाशी आला. वाऱ्याने टेकडीचं तोंड बदललंय, रेस उलट्या दिशेने होईल, म्हणाला. म्हणजे तोच उतार, पण आता डावीकडे कललेला. मी काकांना म्हटलं, इकडून चढ तरी सोपा आहे. काका म्हणाले, चारही चाकं आपली आहेत, कुठूनही घाल. मी हवा आणखी काढली, चारही चाकांतली. तू तिथेच होतास. तुझ्या हातात कप होता. तू कप ठेवलास, गाडीभोवती फेरी मारलीस, डाव्या पुढच्या चाकापाशी थांबलास आणि खाली वाकलास. मला वाटलं काही बघतोयस. तू रुमालाने रिंग पुसलीस. मग बॉनेटवर थाप मारून म्हणालास, "सांभाळून जा रे."

एक वाक्य पुरलं असतं. डावीकडची खोटी आहेत, हवा भर. काकांनी तुझ्या मुस्काटात मारली असती, आपण रेस हरलो असतो, संध्याकाळपर्यंत सगळे तुझी टर उडवत बसले असते. एवढंच.

टायर सुटतो तेव्हा आवाज होत नाही हे तुला माहीत नसेल, तू लांब उभा होतास. फुटल्यासारखं काही होत नाही, नुसता एक सुस्कारा येतो. मग नुसतं लोखंड वाळूत घुसतं आणि गाडी कुशीवर वळते, झोपेत वळल्यासारखी. काकांनी डाव्या हाताने दार घट्ट धरलं होतं. ते डावखुरे आहेत, धरायला काही आलं की डावाच हात पुढे जातो. गाडी त्या हातावर पडली.

नंतर वर्कशॉपभर झालं की बारक्याने हवा जास्त काढली आणि काकांचे बोल्ट सैल. कुणी पसरवलं ते विचारत नाही.

तर ऐक. हा महिना संपायच्या आत तू काकांना सांग. मी का नाही सांगत? मी सांगितलं तर ते म्हणतील, बारक्या माझं मन राखायला बोलतोय. तू तसं त्यांच्या मनात आधीच भरवलं असशील. ज्याने चाक बसवलं त्याच्या तोंडूनच त्यांना ते खरं वाटेल. हात गेला तो गेला. पण आपण आयुष्यभर केलेलं काम वाईट होतं असं समजून तो माणूस गेटवर बसलाय, तेवढं तुझ्या हातात आहे.

बारक्या

२० फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. बरं.

उत्तराऐवजी तुझा माल आला. बाईंनी शेवटी शोभेची चाकं घेतली. तूच पाठवलीस, तुझंच चिन्ह खोक्यांवर. मला विचारलं होतं तेव्हा मी म्हटलं होतं, साधी चाकं लावा, रिंगबिंग काही नको, पर्यटकांना फिरवायला हवा बेताची ठेवली की पुरतं. बाई म्हणाल्या, साध्या चाकासोबत कोण फोटो काढतं? मग खरी घ्या म्हटलं. तर खरी जड, रोज आवळत बसायचं, शिवाय कोण आवळणार, तू आज आहेस उद्या पळशील. हेही खरंच आहे. बाई खोटं बोलत नाहीत. शोभेचीच घेतली, पण शोभेची म्हणून घेतली. कमीत कमी किती हवा ठेवायची ते मी प्रत्येक गाडीच्या दारात आतून रंगाने लिहिलंय आणि प्रत्येक ड्रायव्हरच्या हातून एकेक बोल्ट काढवून घेतलाय. एकाने बोल्ट खिशात घातला, बायकोला दाखवतो म्हणाला. त्याची बायको कोण आहे कुणास ठाऊक, दर आठवड्याला तो तिच्यासाठी काहीतरी नेतो, एकदा सरड्याची कात नेली होती.

पाहिलंस, शोभेच्या चाकावर माझा राग नाही. कुणी नुसतं नटायचं म्हणून लावलं तर नटू दे. खोकी उघडली तेव्हा आपल्या वर्कशॉपचा वास आला, रबराचा आणि त्या हिरव्या साबणाचा. मी खोक्यात तोंड घालून उभा राहिलो. इलेक्ट्रिशियनने विचारलं, काय हरवलं? म्हटलं, काही नाही.

सगळी चाकं मीच बसवली. तुझा माल माझ्या हातांनी. तुला आवडलं असतं.

मला एक गोष्ट कळत नाही आणि ती माझ्या डोक्यातून जात नाही. तू रोज सकाळी गेटमधून आत जात असशील. काका उठून उभे राहत असतील, ते तसे आहेत, लहान मुलासाठीही उठतात. तू काय करतोस तेव्हा? गाडीची काच खाली करतोस का? मी कल्पना करून बघतो, तुझ्या जागी स्वतःला बसवतो, आणि मला काच खाली करता येत नाही. तू करत असशील. हात हलवत असशील.

आणि तरी, लिहायला लाज वाटते, पण मी वाट बघतो. पाण्याचा टँकर आला की बघतो, सामानाची गाडी आली की बघतो. तू काही वाईट माणूस नव्हतास. मला सायकल शिकवताना मागून धरलंय म्हणून कधी खोटं बोलला नाहीस, सोडलंस की सांगायचास, सोडली रे. तो दादा कुठे गेला ते मला माहीत नाही.

तू ये. पत्र नको, माणूस येऊ दे. इथे ये, आपण दोघं परत जाऊ, मी तुझ्या शेजारी उभा राहीन, तू फक्त तोंड उघड. काकांनी मारलं तर आपण दोघं मार खाऊ. आला नाहीस तर महिना संपल्यावर मी एकटा जातोय. बाईंना सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, मी म्हटलं होतंच की हा पळेल.

बारक्या

२७ फेब्रुवारी

दादा,

घाईत लिहितोय, नीट वाचता नाही आलं तर वहिनीकडून वाचून घे.

दुपारी गाड्या धूत होतो. इलेक्ट्रिशियन ओरडत आला, तुझ्या घरून माणूस आलाय, टँकरमधून उतरला. मी पाण्याची नळी तशीच टाकली. खोलीत आलो, शर्ट बदलला. कशाला बदलला देव जाणे. तुला काय काय बोलायचं ते महिनाभर पाठ करत होतो, सगळं विसरलो आणि मला आनंदच झाला. अगदी खरं सांगतो, मला आनंद झाला.

बाहेर ठिणगीकाका उभे होते.

वाळलेत. डावा हात शर्टाच्या आत ठेवतात, बटणांमधून. दुसऱ्या हातात पिशवी, तीत माझ्यासाठी मोजे आहेत, वाळूत पाय भाजत असतील म्हणून. मी वाकून पाया पडायला लागलो तर मागे सरकले. मला हात लावू दिला नाही. म्हणाले, आधी माझं ऐक, मग पाया पड, पडावंसं वाटलं तर.

मग तिथेच, गाड्यांच्या मधे, ओल्या वाळूत उभं राहून ते म्हणाले, "बारक्या, तुझ्या आईने तुला माझ्या भरवशावर गाडीत बसू दिलं होतं. मी बोल्ट बघितले नाहीत. तू मेला असतास. मला तुझी माफी मागायचीय."

मी म्हटलं, काका, बसा. त्यांना बसायचं नव्हतं. मी म्हटलं, तुम्हाला इथला पत्ता कुणी दिला? तर म्हणाले, "मोठ्याने दिला. तिकीटही त्यानेच काढून दिलं. म्हणाला, काका, बारक्याच्या मनात तुमच्याबद्दल राग आहे, तो मला सारखी पत्रं लिहितो. एकदा जाऊन भेटा, तो माफ केलं म्हणेल, तुमचं मन हलकं होईल. भला माणूस आहे रे तुझा दादा. त्याच्यावर नको रागवू."

माझी पत्रं तू त्यांना अशी सांगितलीस.

चहा सांगून येतो म्हणून वर खोलीत आलो आणि हे लिहितोय. खिडकीतून दिसताहेत. इलेक्ट्रिशियनने त्यांना पंपाच्या ओट्यावर बसवलंय, ते पिशवी मांडीवर घेऊन पाठ ताठ ठेवून बसलेत, मुलाखतीला आल्यासारखे. अधूनमधून इकडे वर बघतात.

आता जाऊन मी सगळं सांगणार. ते विश्वास ठेवणार नाहीत. लहान पोर मोठ्या भावाच्या नावाने काहीबाही बोलतंय म्हणून मलाच रागे भरतील. तरी सांगणार, ते थांबतील तितके दिवस सांगणार.

मी लिहिलं होतं, माणूस येऊ दे. माफी मागायला आपल्या घरून माणूस आला, दादा. काका आले.